जिरा क्लाउड: एकही तिकीट नसलेलं स्टेटस डिलीट का होत नाही?

प्रश्न
आमच्या जिरा क्लाउडमध्ये (कामांची तिकिटं ठेवणाऱ्या ऑनलाइन साधनात) १८० च्या वर स्टेटस (तिकीट कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगणारी नावं) साचली आहेत. ‘इन रिव्ह्यू’, ‘अंडर रिव्ह्यू’, ‘रिव्ह्यू पेंडिंग’ अशी एकाच टप्प्याची तीन-तीन नावं. जेक्यूएलने (जिराच्या शोध-भाषेने) शोधलं तर कित्येकांत एकही तिकीट नाही, तरी डिलीट करता येत नाही. प्रोजेक्ट सगळे कंपनी-मॅनेज्ड, म्हणजे अॅडमिनच्या सामायिक मांडणीवर चालणारे. सुरुवात कुठून करावी? चालू बोर्डांना (तिकिटं कॉलममध्ये दाखवणाऱ्या पानांना) धक्का न लागता दुहेरी स्टेटस एकत्र कशी करावीत?

उत्तर १
तिकिटं आहेत की नाहीत, हा मुद्दाच नाही. स्टेटस कुठल्याही वर्कफ्लोमध्ये (तिकीट कुठल्या स्टेटसवरून कुठे जाऊ शकतं त्या आराखड्यात) असेल, मग तो वर्कफ्लो बंद पडलेला का असेना, तोवर जिरा ते काढू देत नाही. वर्कफ्लो हा स्कीममध्ये (कुठल्या तिकिटांना कुठला वर्कफ्लो लागू ते ठरवणाऱ्या संचात) अडकलेला असतो आणि स्कीम प्रोजेक्टला. म्हणून आधी स्कीम, मग वर्कफ्लो, शेवटी स्टेटस असं जा.

वर्कफ्लो स्कीमच्या पानावर इनअॅक्टिव्ह स्कीमची वेगळी यादी मिळेल. टेम्प्लेटवरून कंपनी-मॅनेज्ड प्रोजेक्ट बनवला की नवी स्कीम आणि नवा वर्कफ्लो तयार होतो, आणि प्रोजेक्ट डिलीट केल्यावरही ते मागे राहतात. बहुतेक गाळ इथलाच. त्या स्कीम काढल्या की त्यांचे वर्कफ्लो इनअॅक्टिव्ह होतात आणि मग तेही काढता येतात.

तरीही एखादा वर्कफ्लो हटत नसेल तर दोन जागा पाहा. एक, ट्रॅश: डिलीट केलेला प्रोजेक्ट तिथे ६० दिवस राहतो आणि स्कीमला धरून ठेवतो. दुसरी, चालू स्कीमचा अर्धवट सोडलेला ड्राफ्ट: वर्कफ्लो फक्त त्या ड्राफ्टमध्ये असला तरी डिलीट होत नाही. ड्राफ्ट रद्द करा किंवा पब्लिश करा.

उत्तर २
वरचा क्रम बरोबर आहे, पण चालू वर्कफ्लोमधून स्टेटस काढण्याआधी ते नाव आणखी कुठे लिहिलंय ते बघा. सेव्ह केलेल्या फिल्टरमध्ये असेल आणि स्टेटस गेलं, तर ते मूल्य अस्तित्वात नाही अशी एरर येते आणि त्या फिल्टरवरचा बोर्डही बंद पडतो. ऑटोमेशन रूल्समध्ये ट्रिगर आणि कंडिशन दोन्ही तपासा. शिवाय बोर्डाच्या कॉलम सेटिंगमध्ये ज्या स्टेटसला कॉलम दिलेला नाही, त्यातली तिकिटं बोर्डावर दिसतच नाहीत. ती हरवली असं टीमला वाटतं, आणि ती ओरड स्प्रिंटच्या मधोमध येते.

नाव बदलून भागवू नका. कंपनी-मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये स्टेटस सामायिक असतं. एका टीमसाठी बदललेलं नाव ते वापरणाऱ्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये बदलतं.

उत्तर ३
एकत्र करण्याबद्दल: तिन्हींपैकी सर्वांत जास्त वर्कफ्लोंमध्ये असलेलं स्टेटस ठेवा. बाकीच्या वर्कफ्लोंमध्ये ते आधी घाला, ट्रान्झिशन (एका स्टेटसवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या वाटा) त्याकडे वळवा, त्यांचे व्हॅलिडेटर (आधीच्या तपासण्या) आणि पोस्ट फंक्शन (नंतर आपोआप होणाऱ्या कृती) सोबत आलेत ना ते पाहा, मगच जुनं काढा. जुन्यात तिकिटं असतील तर ती कुठे न्यायची ते जिरा विचारतो. तिकिटाच्या हिस्टरीत जुनं नाव तसंच राहतं, त्याची काळजी नको.

खरी गफलत रेझोल्यूशनची, म्हणजे तिकीट कसं सुटलं ते नोंदवणाऱ्या फील्डची. तिकिटांच्या या स्थलांतरात ट्रान्झिशन होत नाही, म्हणून पोस्ट फंक्शनही चालत नाहीत. रेझोल्यूशन नसलेलं ‘क्लोज्ड’मधलं तिकीट ‘डन’मध्ये गेलं तरी रिपोर्टात ते न सुटलेलंच मोजलं जातं. स्टेटस कॅटेगरी डन आणि रेझोल्यूशन रिकामं, अशी क्वेरी चालवून ती तिकिटं शोधा. मग ‘डन’वरून ‘डन’वरच येणारं एक तात्पुरतं ट्रान्झिशन बनवा, त्यात पोस्ट फंक्शनने रेझोल्यूशन भरा आणि बल्क चेंजने (अनेक तिकिटं एकदम बदलण्याच्या सोयीने) सगळी तिकिटं त्यातून न्या. एका फेरीत १००० तिकिटं बसतात. ई-मेल पाठवण्याची खूण आधी काढा, नाहीतर सगळ्यांचे इनबॉक्स भरतील. रेझोल्यूशन फील्ड एडिट स्क्रीनवर मात्र टाकू नका, कारण उघडं तिकीट कुणी साधं एडिट केलं तरी त्यात चुकून रेझोल्यूशन भरलं जातं.

प्रश्नकर्ता
साखळी कळली. वर्कफ्लो गेल्यावर उरलेली शंभरेक स्टेटस एकेक करून काढावी लागतील का?

उत्तर १
नाही. रेस्ट एपीआयच्या (जिराला प्रोग्राममधून आज्ञा देण्याच्या सोयीच्या) स्टेटस डिलीट कॉलला एका वेळी ५० पर्यंत आयडी देता येतात. यादी नावाने करू नका, आयडीने करा. टीम-मॅनेज्ड (टीम स्वतः मांडणी ठरवते असे) प्रोजेक्ट स्वतःची स्टेटस वेगळी बनवतात, आणि पुढे कुणी तसा प्रोजेक्ट बनवला तर त्याच नावाची दुसरी नोंद यादीत दिसेल.