परवाना नाही, उधारी मारते

बरेच जण म्हणतात की आपल्यासारख्या देशांत धंदा अडतो तो परवान्यांपायी. एकेकाळी होतंच तसं. १९८०च्या दशकात हर्नांडो द सोतो या पेरूच्या अर्थतज्ज्ञाच्या लोकांनी लिमात शिवणकामाचं छोटं वर्कशॉप कायद्याने नोंदवून पाहिलं, तर २८९ दिवस लागले! आज आपल्याकडे छोट्या धंद्यांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट आहे, घरबसल्या होते. नाशिकला सिडकोतल्या घरी माझी चहा गार व्हायच्या आत झाली. (आधी एजंटला दीड हजार देऊन बसलो होतो, ते सोडा.)

खरी रड त्यानंतरची. तिथल्याच अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात दोन जुन्या लेथ (धातू कातायची यंत्रं) टाकल्या. पहिलंच काम एका कंपनीचं, बुशिंगचं (यंत्रात बसणाऱ्या धातूच्या नळ्या). माल गेला, चलनावर शिक्का बसला आणि मग चार महिने पैशासाठी नुसत्या फेऱ्या. दरवेळी गेटवर तेच, "साहेब ऑडिटमध्ये आहेत." २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात पैसे चुकवायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण मागतो कोण? तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, आणि सातपूर-अंबडमध्ये बातमी पसरायला एक चहाची टपरी पुरते. जीएसटीचं तर त्याहून भारी: बिल जूनचं असेल, तर २० जुलैला कर भरा, पार्टीने पैसे दिलेले असोत नसोत.

त्या दिवाळीत कामावरच्या दोन्ही पोरांचे पगार आईच्या बांगड्यांवर सोनेतारण काढून केले. बिलाचे पैसे डिसेंबरात निघाले, तेही कापून.