शब्दचर्चा: 'मोल्सवर्थ' हे आडनाव मुळात कुठलं?

पानसुपारी:
मराठी शब्द अडला की आपण मोल्सवर्थ उघडतो. तिथे 'मोल' आहे, 'मूल' आहे, पण 'मोल्सवर्थ' अर्थातच नाही. जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) कंपनी सरकारच्या लष्करातला. कँडी बंधू आणि पंडितमंडळी हाताशी घेऊन १८३१ साली त्याने कोश काढला, मग १८५७ साली सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण या नावाचा अर्थ काय? आमच्या शाळेतले एक सर म्हणायचे, "मोल म्हणजे किंमत, वर्थ म्हणजेही किंमत. शब्दांची किंमत करणाऱ्याला नावसुद्धा दुप्पट किमतीचं मिळालं!" वर्ग हसायचा, पण यात काही तथ्य आहे का? दुसरं असं, की स्मिथ, टेलर, विल्सन इंग्रजांत पैशाला पासरी दिसतात. दुसरा मोल्सवर्थ मात्र मी पाहिलेला नाही. इतकं विरळ का?

रानवारा:
सरांचा श्लेष झकास. व्युत्पत्ती म्हणून शून्य. 'मोल' आपल्याकडे 'मूल्य'वरून आला. मोलमजुरी, मोलकरीण ही त्याचीच लेकरं. त्याचा इंग्लंडशी काडीचा संबंध नाही.

लेस्टरकर:
'वर्थ'ही किंमतीचा नव्हे. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते, पुढे त्यांचं रूप एक झालं. एकाचा अर्थ मोल, दुसऱ्याचा कुंपण घातलेली जागा, आवार. गावांच्या नावांच्या शेवटी येतो तो दुसरा. आपल्या 'वाडा', 'वाडी'चं मूळ संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा. तेव्हा '-वर्थ'ला मराठी पर्याय हवा असेल तर 'वाडी' अगदी चपखल बसतो.

मोल्सवर्थ हे गाव आहे. हंटिंग्डनशर नावाचा एक छोटा परगणा होता, तो १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये गेला. त्याच्या पश्चिम टोकाला, नॉर्दॅम्प्टनशरच्या हद्दीजवळ हे खेडं. लेस्टरहून केंब्रिजकडे जाताना ए-१४ या हमरस्त्याजवळच लागतं. वस्ती अगदी थोडी. ग्रामपंचायतसुद्धा शेजारच्या ब्रिंग्टनबरोबर सामाईक. सेंट पीटरचं जुनं चर्च आहे, त्याच्या भिंतीवर मध्ययुगीन चित्रं आहेत: एक बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर, दुसरा संत अँथनी. विल्यम राजाने १०८६ साली मुलुखाची जी मोजदाद करवली, त्या डूम्सडे बुकात हे गाव 'मोलेसवर्डे' असं लिहिलेलं आहे. लिहिणारे कारकून नॉर्मन वळणाचे, त्यामुळे शेवटच्या 'थ'चा 'ड' झाला.

पहिला भाग 'मूल' या माणसाच्या नावाचा. म्हणजे मूलची वाडी. 'स' हा षष्ठीचा प्रत्यय.

वैनतेय:
मूल नावाचा माणूस? हे कसलं नाव?

लेस्टरकर:
अँग्लो-सॅक्सन काळातलं खरंखुरं नाव आहे. वेसेक्सच्या कॅडवाला राजाचा भाऊ मूल. केंट जिंकून तो तिथे राजा होऊन बसला आणि ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारलं. जुन्या इंग्रजीत 'मूल' म्हणजे खेचर. त्यावरून काही अभ्यासकांचा तर्क असा की आई-बाप वेगवेगळ्या जमातींचे असले की असं नाव पडत असावं. अर्थात आपल्या वाडीचा मूल हा राजा नव्हे, कोणी तरी स्थानिक असामी.

रानवारा:
म्हणजे 'दुप्पट किंमत'वरून थेट 'खेचराची वाडी'वर आलो. सरांना कळवू नका.

पानसुपारी:
सर ऐकतील तर आणखी एखादा श्लेष काढतील! पण मग वर्डस्वर्थचं काय? कवी, आणि नावातच शब्दांची किंमत!

लेस्टरकर:
तिथेही तीच गफलत. मूळ यॉर्कशरमधलं हॅलिफॅक्सजवळचं वॉड्सवर्थ, म्हणजे कुण्या वॅडी नावाच्या माणसाचं आवार. कवीचा जन्म १७७० साली उत्तरेला कंबरलंडमधल्या कॉकरमथ गावी झाला, पण घराणं यॉर्कशरच्या पेनिस्टनकडचं. 'वर्ड' हा नंतर जिभेने घातलेला घोळ आहे.

आणि केंब्रिजच्या पश्चिमेला तर एका ओळीत एल्सवर्थ, बॉक्सवर्थ, लोलवर्थ, पॅपवर्थ अशी गावं आहेत. पॅपवर्थ म्हणजे पप्पा नावाच्या माणसाची वाडी. हसू नका, जुन्या इंग्रजीत पप्पा हे धट्ट्याकट्ट्या बाप्याचं नाव होतं.

सावंतवाडीकर:
'वाडी' म्हटलंत म्हणून विचारतो. हा '-वर्थ' सगळ्या इंग्लंडभर सारखाच आहे का? आमच्याकडे वाडी, तर पलीकडे पाडा, घाटावर वस्ती. तसं तिथे काही?

लेस्टरकर:
हो, आणि हा भाग मला फार आवडतो. डेव्हनकडे त्याचं 'वर्दी' होतं, जसं होल्सवर्दी. वेल्सच्या सीमेलगत श्रॉपशर-हेरफर्डशरमध्ये 'वर्डाइन', जसं लायंटवर्डाइन, रॉकवर्डाइन. बाकी मधल्या पट्ट्यात आणि उत्तरेला साधं 'वर्थ': टॅमवर्थ, केनिलवर्थ, लटरवर्थ. म्हणजे कुणाचं आडनाव 'वर्दी'वर संपत असेल तर त्याचं मूळ नैर्ऋत्य इंग्लंडात शोधायला लागावं. तेवढ्यावर पैज लावू नये, पण बहुधा फसत नाही.

वैनतेय:
गावाचं नाव कळलं. आता आडनावाकडे या. मोल्सवर्थ गावात मोल्सवर्थ आडनावाची माणसं भरलेली असतील ना?

लेस्टरकर:
इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. बाराव्या ते चौदाव्या शतकात इंग्लंडात आडनावं रुळली, तेव्हा गावावरून नाव पडायचं ते गाव सोडणाऱ्याला. मोल्सवर्थमध्ये राहणाऱ्याला मोल्सवर्थचा म्हणून काय ओळख पटणार? तिथे सगळेच मोल्सवर्थचे. तो शेजारच्या परगण्यात गेला की तिथले लोक विचारणार, हा कोण? तर 'द मोल्सवर्थ', मोल्सवर्थहून आलेला. हा 'द' नॉर्मन फ्रेंचमधला, पुढे गळून गेला आणि नुसतं गाव उरलं. म्हणून अशा आडनावाचा नकाशा काढला तर दाटी गावात नसते, गावापासून दहा-वीस मैलांच्या पट्ट्यात असते.

सावंतवाडीकर:
अहो, हे तर आमचं '-कर'च! दीनानाथांनी मंगेशी सोडली तेव्हा ते मंगेशकर झाले. मंगेशीत असते तर मंगेशकर म्हणायचं कारणच नव्हतं. तेंडोलीचे तेंडुलकरही मुंबई-गोव्यात जास्त भेटतील. त्या हिशेबाने कोशकर्त्याला मोल्सवर्थकर म्हणायला हवं.

रानवारा:
मोल्सवर्थकरशास्त्री! वाईला एखादी पाठशाळा शोभली असती.
बाकी लेस्टरकर, तुमचा नियम तुम्हालाच लागत नाही. तुम्ही राहता लेस्टरला आणि नावही लेस्टरकर.

लेस्टरकर:
लेस्टरात मला कुणीही लेस्टरकर म्हणत नाही. हे नाव फक्त इथे, तुम्हा लांबच्या लोकांत चालतं. नियम बरोबर लागू पडला.

वैनतेय:
विरळ का, हा पानसुपारींचा प्रश्न राहिलाच. बटरवर्थ, ॲशवर्थ तर बरेच ऐकू येतात, तीही वाडीचीच नावं ना?

लेस्टरकर:
तीही वाडीचीच, पण लँकेशरमधल्या रॉचडेलच्या टापूतली. तिथे पुढे लोकर आणि कापसाच्या गिरण्या आल्या, लोकसंख्या फुगली, आणि तिथे जी आडनावं आधीपासून होती तीही तिच्याबरोबर फुगली. हंटिंग्डनशर राहिला शेतीचा. तिथे पोटाला मिळेना तर माणूस बाहेर जायचा, नाव तिथल्या तिथे वाढायचं नाही. शिवाय ज्या पिढीत घरी फक्त मुली, त्या पिढीत ती शाखा आडनावापुरती संपली. मूळची घरंच कमी असली की अशा दोन-तीन शाखा गळाल्या तरी नाव दुर्मीळ होतं. यात पराक्रम वगैरे काही नाही, निव्वळ नशीब.

लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी आडनाव आणि पुरुषांकडून पुरुषांकडे जाणारं वाय गुणसूत्र यांची सांगड घालून सुमारे ४० आडनावं तपासली. स्मिथांचं गुणसूत्र एकमेकांशी जुळेना, कारण लोहार गावोगावी होते. ॲटनबरोसारख्या विरळ आडनावाचे बहुतेक पुरुष मात्र एकाच मूळपुरुषाकडे जाणारे निघाले. ॲटनबरो नावाचं गावही आहे, नॉटिंगहॅमजवळ.

आबा_धुळे:
हे नकाशे काढतात कशावरून? आमच्याकडे वंशावळ म्हणजे त्र्यंबकच्या भटजींची वही.

लेस्टरकर:
आबा, तशी वही तिथे चर्चची. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम १५३८ साली निघाला. शिरगणतीत घरटी प्रत्येकाचं नाव १८४१ पासून येतं, आणि १८८१ ची शिरगणती हौशी लोकांनी पूर्ण उतरून काढलेली असल्याने नकाशासाठी तीच जास्त वापरतात. रेल्वे आली होती, तरी माणसं अजून बरीचशी आपल्या मुलखातच होती.

पण शिरगणती चाळायच्या आधीच एका माणसाने युक्ती केली होती. हेन्री ब्रूअम गपी, पेशाने नौदलातला डॉक्टर. १८९० साली त्याने आडनावांच्या मूळ ठिकाणांवर मोठं काम छापलं. त्याने परगण्यापरगण्यांच्या निर्देशिकांमधून फक्त शेतकऱ्यांची नावं घेतली. का? तर जमिनीला बांधलेला माणूस सगळ्यात कमी हलतो. शहरातला दुकानदार, कारकून कुठूनही आलेला असतो. कुलकर्ण्याच्या दप्तरातून वतनदार तेवढे वेचावेत, तशी ही पद्धत.

आबा_धुळे:
पटलं. पाटील हलत नाही, तलाठी बदलून जातो.

रानवारा:
मग मोल्सवर्थांचा उमराव कुटुंबकबिला कुठे बसतो या नकाशात? मी डब्लिनला मोल्सवर्थ स्ट्रीट पाहिला आहे.

लेस्टरकर:
बरं झालं विचारलंत. नकाशा बिघडवतात ते हेच लोक. उमरावांच्या वंशावळीचे ग्रंथ एडवर्ड पहिल्याच्या काळातल्या सर वॉल्टर द मोल्सवर्थपासून सुरू होतात. त्यातली एक शाखा एलिझाबेथ राणीच्या काळात कॉर्नवॉलला गेली. जॉन मोल्सवर्थ तिथे डचीचा, म्हणजे कॉर्नवॉलच्या सरंजामी जहागिरीचा, हिशेबतपासनीस होता, आणि बॉडमिनजवळच्या पेनकॅरो इथे घराणं स्थिरावलं. वेडब्रिज या तिथल्या गावची मुख्य बाजारपेठसुद्धा मोल्सवर्थ स्ट्रीटच. दुसरी शाखा क्रॉमवेलच्या मोहिमेबरोबर आयर्लंडला. तिथला रॉबर्ट मोल्सवर्थ डेन्मार्कला राजदूत म्हणून गेला, आणि १७१६ साली व्हायकाउंट, म्हणजे पदवीधारी उमराव, झाला. डब्लिनचा रस्ता त्या घराण्याचा.

आता नुसत्या या नावांवर विसंबलात तर वाटेल की मोल्सवर्थ हे कॉर्निश किंवा आयरिश आडनाव आहे. प्रत्यक्षात तो जमीनजुमल्याचा नकाशा आहे, आडनावाचा नव्हे. एका इस्टेटीमुळे दहा रस्त्यांना नाव मिळतं, पण माणसं एका घरातलीच असतात. हंटिंग्डनच्या आसपास शेतमजुरी करणाऱ्या मोल्सवर्थाच्या नावाने कोण रस्ता करणार?

रस्त्यांवरून आठवलं: डब्लिनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटच्या टोकाला समोर लेन्स्टर हाउस उभं आहे, म्हणजे आयर्लंडची संसद. न्यूझीलंडची संसदही वेलिंग्टनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीटवरच आहे. तो रस्ता पेनकॅरोच्या सर विल्यम मोल्सवर्थचा. हा जहाल मताचा खासदार, न्यूझीलंड कंपनीचा संचालक, आणि १८५५ साली मरण्याआधी काही महिने वसाहतमंत्री. एका खेड्याच्या नावाने दोन देशांच्या संसदांपुढचे रस्ते!

वैनतेय:
ते खेडं मी वेगळ्याच कारणाने ऐकलं होतं. क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवणार होते, तेच ना?

लेस्टरकर:
तेच. महायुद्धात तिथे अमेरिकन बी-१७ विमानांचा तळ होता. ऐंशीच्या दशकात ग्रीनहॅम कॉमन या दुसऱ्या इंग्लिश तळाच्या पाठोपाठ अमेरिकन क्षेपणास्त्रांसाठी तो निवडला. शांततावाद्यांनी तिथे छावणी टाकली, ती फेब्रुवारी १९८५ मध्ये सैन्य आणून उठवली. अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या १९८७ च्या करारानंतर क्षेपणास्त्रं गेली. विषयांतर झालं खरं, पण विशी-तिशीतल्या इंग्रजाला हे गाव ठाऊक नसतं आणि साठीतल्याला असतं, ते यामुळे.

पानसुपारी:
सगळ्यांचे आभार. एकच शेवटचं. उच्चार कसा करायचा? काही जण मोलस्वर्थ लिहितात, काही मोल्सवर्थ.

लेस्टरकर:
इंग्रज दोनच शब्दावयवांत उरकतात: 'मोल्झ-वथ'. 'स' नाही, 'झ'. आणि शेवटचा 'र' जवळजवळ गिळलेला. तोड करायची ती 'मोल्स' नंतर, कारण मूलचा 'स' आणि मग वर्थ. म्हणून 'मोल्सवर्थ' बरं. 'मोलस्वर्थ' लिहिलं की षष्ठीचा प्रत्यय पुढच्या शब्दाला चिकटतो.

सावंतवाडीकर:
याच न्यायाने 'एल्फिन्स्टन'मधला 'स्टन' म्हणजे दगड नव्हे?

लेस्टरकर:
नव्हे. तिथेही 'स' षष्ठीचा आणि पुढे 'टन', म्हणजे वस्ती. स्कॉटलंडमध्ये ट्रॅनेंटजवळ त्या नावाचं गाव आहे. इंग्रजी लेखनात शेवटी 'स्टोन' दिसतं ते फसवं. आपल्याकडे लोक 'एल्फिन्स्टन' म्हणत आले तेच मुळाला जवळचं. मात्र कॉलेज माउंटस्टुअर्टचं आणि स्टेशन, आता प्रभादेवी, दुसऱ्या एल्फिन्स्टनचं, लॉर्ड जॉनचं. तो तेरावा लॉर्ड, १८५३ पासून मुंबईचा गव्हर्नर. त्या घराण्यावर वेगळा धागा काढा, इथे दाटी होईल.

सावंतवाडीकर:
काढतो. रविवारी.