निंबोळी तेलाचे नॅनोइमल्शन साध्या फवारणीपेक्षा खरोखर सरस ठरते का?

जिज्ञासू: निंबोळी तेल पाण्यात मिसळून फवारले, तर त्याचा प्रभाव थोड्याच दिवसांत ओसरतो. त्यावर उपाय म्हणून नॅनोइमल्शनसारखी (पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेले मिश्रण) वनस्पतिजन्य नॅनो-मिश्रणे सुचवली जातात. तेलाचे थेंब अतिसूक्ष्म केल्याने नेमके काय साधते, आणि अशी मिश्रणे पर्यावरणाला निरुपद्रवी मानावीत का?

रसायन-अभ्यासक: निंबोळीतील प्रमुख कीडरोधक घटक अझाडिरॅक्टिन हा अतिनील किरणांमुळे लवकर विघटित होतो, लवंगेतील युजेनॉल किंवा ओव्यातील थायमॉल हवेत उडून जातात. नॅनोइमल्शनमधील थेंब साधारणपणे २० ते २०० नॅनोमीटरचे असल्याने मिश्रण पानाच्या मेणचट पृष्ठभागावर एकसारखे पसरते. मात्र थेंब लहान झाले म्हणून उन्हापासून संरक्षण मिळते, असे नाही. त्यासाठी कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) किंवा झेईन (मक्यातील प्रथिन) यांसारख्या जैवविघटनशील पदार्थाच्या कोशात तो घटक बंदिस्त करावा लागतो, म्हणजे तो सावकाश बाहेर पडतो. जाहिरातींत या दोन गोष्टींची सर्रास गल्लत केलेली असते. शिवाय साठवणुकीत लहान थेंबांतील तेल हळूहळू मोठ्या थेंबांत जाते, म्हणून थेंबांचा आकार केवळ तयार करतेवेळी मोजलेला असेल, तर तो पुरेसा नाही.

कीटक-निरीक्षक: वरील उत्तराशी सहमत आहे. अझाडिरॅक्टिन प्रामुख्याने किडीचे खाणे मंदावते आणि कात टाकण्याच्या प्रक्रियेत बिघाड घडवते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी मेलेल्या अळ्या मोजून निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. वनस्पतीच्या अर्काने तयार केलेले चांदीचे नॅनोकणही ‘हरित’ म्हणवले जातात. परंतु अर्क तेथे केवळ कण घडवण्यापुरता असतो, आणि चांदी हे मूलद्रव्य असल्याने तिचे जैवविघटन होत नाही. मी तरी त्यांना वनस्पतिजन्य मिश्रणांच्या वर्गात धरणार नाही.

जिज्ञासू: मधमाश्या आणि मित्रकीटकांचे काय?

रसायन-अभ्यासक: जे थेंब किडीच्या कवचातून सहज शिरतात, ते मित्रकीटकांना वगळतील असे गृहीत धरता येत नाही, त्यांच्यावर स्वतंत्र चाचणी हवीच, आणि फुलोऱ्यातील पिकावर मधमाश्यांच्या वावराच्या वेळी फवारणी टाळावी. चाचणीत तेवढ्याच तेलाचे साधे इमल्शन आणि तेलविरहित, केवळ इमल्सिफायरचे (तेल पाण्यात मिसळून ठेवणाऱ्या पदार्थाचे) द्रावण या दोहोंशी तुलना करावी, कारण इमल्सिफायर स्वतःही मऊ शरीराच्या किडींना मारू शकतो.