फोटो हलत नाही, नुसत्या मुंग्या सरकतात! शॉर्टकट पण बंद. अर्जंट मदत हवी

डिझायनर_गण्या (रात्री ११:४०)
मंडळी, डोकं फिरायची वेळ आली आहे. फोटो सिलेक्ट करून उचलायला जातो तर फोटो जागेवर आणि नुसत्या मुंग्या, म्हणजे सिलेक्शनभोवतीची तुटक रेघ, सरकतात. शॉर्टकट पण मेलेत. कधी चालतात, कधी नाही. मशीन दोनदा रिस्टार्ट केलं. फाइल सकाळी ९ ला प्रिंटला गेली पाहिजे. माहीत असेल त्यानेच सांगा, गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

खोडरबर (११:४६)
कुठलं सॉफ्टवेअर? कुठलं व्हर्जन? कुठले शॉर्टकट? नुसतं "दुखतंय" म्हटल्यावर डॉक्टर पण गोळी देत नाही.

डिझायनर_गण्या (११:४८)
फोटोशॉप, अजून काय असणार. विंडोज १०.

चहाबाज (११:५१)
कंट्रोल+डी मारा. माझ्या बाबतीत झालेलं सांगतो. अख्खी दुपार ब्रश फिरवतोय, रंगच उमटेना. ब्रश बदलला, लेअर बदलला, माऊससुद्धा बदलला. शेवटी कळलं की कोपऱ्यात चार पिक्सेलचं सिलेक्शन राहून गेलं होतं आणि मुंग्या मीच चुकून कंट्रोल+एच दाबून लपवल्या होत्या. सिलेक्शनच्या बाहेर रंग लागत नाही, तो बिचारा ब्रश काय करणार.

डिझायनर_गण्या (११:५३)
अहो मुंग्या दिसतायत, तेच तर सांगतोय. कंट्रोल+डी चालतो. कंट्रोल+झेड पण चालतो.

पेन_एके_पेन (११:५८)
मार्की, लॅसो, मॅजिक वँड ही सिलेक्शनची टूलं म्हणजे सगळी पोराटोरांची कामं. पी दाबून पेन घ्या, नीट पाथ काढा, कंट्रोल+एंटर मारा, झालं सिलेक्शन. कड कशी सुरीने कापल्यासारखी येते. मी फोटोशॉप ७ पासून दुसरं टूल वापरलेलं नाही.

खोडरबर (रात्री १२:०१)
आणि केस? केसाला पेन लावलात की माणूस हेल्मेट घालून बसल्यासारखा दिसतो. तिथे ढोबळ सिलेक्शन करून कड नीट करणारं रिफाइन एजच लागतं, कंट्रोल+ऑल्ट+आर.

पेन_एके_पेन (१२:०४)
१० फुटांवरून कोण केस मोजायला येतंय?

लिनक्सभक्त (१२:०६)
गिंप वापरा. फुकट आहे. फक्त डीसिलेक्टला कंट्रोल+शिफ्ट+ए लागतं, सवय होते.

डिझायनर_गण्या (१२:०७)
उद्या ९ ला फाइल द्यायची आहे, आज रात्री नवीन सॉफ्टवेअर शिकू का???

रेषा (१२:११)
गण्या, जरा शांतपणे सांगा. नेमकं काय करत होतात? कुठलं टूल, कुठली की दाबली, आणि दाबल्यावर काय झालं. व्हर्जनही सांगितलेलं नाहीत अजून.

डिझायनर_गण्या (१२:१९)
सीएस ६. वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. वर दादांचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांचे २१ चेहरे, सगळे गोलात. एकेक फोटो उघडतो, इलिप्टिकल मार्की घेतो, शिफ्ट+ऑल्ट धरून नाकावरून बाहेर ओढतो म्हणजे मध्यातून बरोबर गोल येतो. मग वी (मूव्ह टूल) दाबून चेहरा उचलून फ्लेक्सवर टाकतो. पहिला बरोबर गेला. दुसऱ्याला चेहरा हलेना, मुंग्यांचा गोल तेवढा गालावरून कानावर. तिसरा परत बरोबर! चौथ्याला बोंब. वर्षानुवर्षं असंच करतोय, आठवड्यापासून हे भूत लागलंय.

खोडरबर (१२:२२)
एकाआड एक बिघडतंय हे शेवटून दुसऱ्या वाक्यात सांगायचं असतं का राव!

रेषा (१२:२४)
मुंग्या सरकतात म्हणजे वी लागतच नाहीये, टूल अजून मार्कीच आहे. मार्की हातात असताना सिलेक्शनच्या आत धरून ओढलं की फक्त चौकट हलते, चित्र नाही. ते बरोबरच आहे. म्हणजे फोटोला काही झालेलं नाही, एका अक्षराचे शॉर्टकट पोचत नाहीयेत. बी, एम दाबून बघा. आणि दाबल्यावर स्क्रीनवर कुठे काही उमटतं का?

तोवर काम अडवू नका. कंट्रोल धरून ओढा, तेवढ्यापुरतं मूव्ह टूल मिळतं.

पासपोर्ट_फोटोवाले (१२:२६)
मूव्ह टूलवरून आठवलं. ४ बाय ६ च्या पेपरवर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ८ फोटो बसवायची ॲक्शन माझ्याकडे आहे, एफ २ दाबलं की शीट तयार. कोणाला हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डिझायनर_गण्या (१२:३१)
कंट्रोल धरून ओढल्यावर गेला ताई!! ५ चेहरे झाले. आणि हो, बी दाबल्यावर वर डाव्या कोपऱ्यात बारीक पांढरा डबा येतो, त्यात ब. वी ला व. मला वाटलं व्हायरस आहे, म्हणून लिहिलं नाही.

खोडरबर (१२:३२)
🤦

रेषा (१२:३७)
सापडलं. तुमचा कीबोर्ड मराठीत जातोय. गेल्या आठवड्यात कोणी मराठी टायपिंग टाकून दिलंय का?

विंडोजमध्ये दोन भाषा असल्या की डावीकडचं ऑल्ट+शिफ्ट दाबून सोडल्यावर भाषा बदलते. तुम्ही गोल काढायला नेमकं तेच धरता. पहिला गोल काढून बोटं उचलली की इंग्रजी. दुसऱ्या गोलानंतर परत मराठी. म्हणून एकाआड एक. मराठी असताना वी दाबला की फोटोशॉपला तो दिसतच नाही, टायपिंगवालाच मध्ये झेलून त्याचा व करतो. कंट्रोलवाले शॉर्टकट तो अडवत नाही, म्हणून ते चालतात.

घड्याळाशेजारी बघा, इएनजी ऐवजी मराठी दिसत असेल.

डिझायनर_गण्या (१२:४०)
आई शप्पथ. आहे. पुतण्याने मराठी फोनेटिक टाकून दिला होता, गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲप वेबवर मराठीत उत्तर द्यायला. फ्लेक्सवरची नावं मी कोरल ह्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीच्या फॉन्टात टाकतो, त्यामुळे त्याचा ह्याच्याशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

पण ऑल्ट+शिफ्ट सोडलं तर गोल मध्यातून कसा काढू?

रेषा (१२:४६)
सोडू नका, विंडोजकडून तो काढून घ्या. सेटिंग्ज, डिव्हाइसेस, टायपिंग, त्यात सगळ्यात खाली ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, मग इनपुट लँग्वेज हॉट कीज. छोटी खिडकी उघडेल. "बिटवीन इनपुट लँग्वेजेस" वर क्लिक करून चेंज की सीक्वेन्स, आणि डाव्या बाजूला नॉट असाइन्ड. ओके, ओके. भाषा बदलायची तेव्हा विंडोज की+स्पेस. पुतण्याला ओरडू नका, त्याने चांगलंच केलंय.

आणि गोल ओढताना जागा चुकली तर माऊस न सोडता स्पेसबार दाबा, अख्खा गोल सरकवता येतो.

जुनं_खोड (१२:५२)
मुंग्यांवरून सांगतो. ही सरकती तुटक रेघ १९८४ च्या मॅकपेंटमधली, बिल ॲटकिन्सन यांची करामत. अमेरिकेतल्या एका बिअरच्या दिव्याच्या पाटीवर धबधबा वाहताना दिसायचा, त्यावरून त्यांना ती सुचली. त्याआधी आम्ही निगेटिव्हवर लाल ओपेक (उजेड अडवणारा रंग) ब्रशने लावून कट-आउट करायचो. कंट्रोल+झेड नव्हता. शिंक आली की निगेटिव्ह गेली.

पेन_एके_पेन (१२:५५)
म्हणून म्हणतो पेन. पेनला ऑल्ट+शिफ्ट लागत नाही.

खोडरबर (१२:५७)
पी पण मराठीत प झाला असता, साहेब.

मास्कवाला (रात्री १:०४)
२१ वेळा सिलेक्शन करताच कशाला? एक गोल शेप काढा, कंट्रोल+जे ने २१ करा, ओळीत लावा. प्रत्येकावर फोटो ठेवून कंट्रोल+ऑल्ट+जी, क्लिपिंग मास्क, म्हणजे फोटो गोलापुरताच दिसतो. चेहरा गोलाच्या आत हवा तसा सरकवा, लहानमोठा करा. सिलेक्शन करून कापलं की कापलं. उद्या कोणी म्हणालं "माझी टोपी दिसत नाही" तर परत मूळ फोटो शोधत बसाल.

डिझायनर_गण्या (१:०९)
हे आधी सांगायचं ना भाऊ, १४ कापून झाले.

मास्कवाला (१:१०)
तुम्ही फ्लेक्स आहे हे १२:१९ ला सांगितलंत.

चहाबाज (१:१३)
साइझ काय फ्लेक्सचा? माझ्याकडे एकाने १० बाय १५ फूट थेट इंचाला ३०० पिक्सेलने केला होता, मशीन जागीच बसलं. ७२ ला घेतला तरी ८६४० बाय १२९६० पिक्सेल होतात.

डिझायनर_गण्या (१:१५)
१० बाय १५च. ७२ ला. रॅम ४ जीबी, सेव्ह व्हायला लागला की चहा करून येतो.

लिनक्सभक्त (१:१७)
गिंपमध्ये

खोडरबर (१:१७)
नको.

डिझायनर_गण्या (१:५२)
रेषाताई, सेटिंग बदललं. सलग ७ गोल काढले, वी सातही वेळा लागला, डबा आला नाही. लय उपकार झाले. मास्कवाले भाऊ, शेवटचे ३ तुमच्या पद्धतीने करून बघितले, भारी आहे, पुढच्या फ्लेक्सला तसंच.

आत्ताच दादांच्या माणसाचा फोन आला. दोन चेहरे वाढवायचेत, आणि डावीकडून चौथा काढायचाय. नावासकट.

मास्कवाला (१:५४)
तो कापलेल्यांतला का मास्कवाला?

डिझायनर_गण्या (१:५५)
कापलेल्यांतला.

चहाबाज (१:५६)
कोण आहे तो?