ईसीटीला, म्हणजे विजेच्या 'शॉक'च्या उपचाराला, घाबरणारे अडाणी? जरा थांबा!

खडूस: "ईसीटीची भीती निव्वळ अज्ञानातून येते, लोकांना शिकवा, कलंक आपोआप पुसला जाईल" असं कालच्या लेखात वाचलं आणि डोकं फिरलं. मी बारा वेळा ईसीटी घेतली आहे. भूल, स्नायू सैल करायचं औषध, सगळं रीतसर. नैराश्य उतरलंही. पण आधीचे चार महिने गेले ते गेलेच. बहिणीच्या लग्नाच्या फोटोत मी उभा आहे, पण परक्याचं लग्न बघतोय असं वाटतं. मला सांगितलं होतं "थोडा विसराळूपणा येईल". आधी डॉक्टरांना शिकवा!

धाकटी_जाऊ: भाऊ, तुमचं खरं. पण माझ्या मोठ्या जाऊबाई बाळंतपणानंतर बोलेनात, खाईनात. हात उचलून धरला तर तसाच वर राहायचा. तिसऱ्या ईसीटीनंतर त्यांनी स्वतःहून पाणी मागितलं. त्याआधी सासरे दोन आठवडे अडून बसले होते, "शॉक देऊन पार वेडी करतील" म्हणून. ते दोन आठवडे कुणाच्या खात्यावर मांडायचे?

तर्कट: मुळात 'शॉक' शब्दच हद्दपार करा. गुण येतो तो फिटमुळे, वीज फक्त फिट आणते. 1934 मध्ये मेदुना हा हंगेरीचा डॉक्टर कापूर टोचून फिट आणत होता. वीज आली 1938 ला, रोममध्ये, चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांकडून.

निशाचर: वेड्यांच्या इस्पितळाचं मनोरुग्णालय केलंत, टोमणे थांबले?

तर्कट: मग महारोगाचा कुष्ठरोग कशाला केला?

निशाचर: केला ना. आता त्या रोग्याला शेजारी खोली भाड्याने देऊन दाखवा.

तर्कट: विषय भरकटवू नका.

निशाचर: मी?? शब्दकोश कुणी उघडला?

तर्कट: तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

निशाचर: हे तिसऱ्यांदा म्हणताय. (मागच्या महिन्यातले दोन धरून.)

भुलीची_ताई: भांडून झालं असेल तर बोलते. भूल देणं हेच माझं काम. फिट साधारण अर्धा ते एक मिनिट चालते, अंग जेमतेम हलतं. पूर्वी भूल न देता करायचे तेव्हा मणके मोडायचे, त्यामुळे जुन्या लोकांची भीती काही हवेतली नव्हती. खडूस, फक्त डोक्याच्या उजव्या बाजूने आणि विजेच्या अगदी तोकड्या स्पंदांची दिली तर आठवणींना कमी धक्का बसतो, पण कधीकधी फेऱ्या वाढतात. आणि नंतर औषध बंद केलं तर आजार सहा महिन्यांत उलटू शकतो.

खडूस: चार ओळींत सांगून झालं की! मला का नाही सांगितलं?

भुलीची_ताई: पेशंट घाबरून नाही म्हणेल, ही आमची भीती. चूकच आहे.

खडूस: वा, कुणीतरी म्हणालं एकदाचं.

धाकटी_जाऊ: रागावू नका, पण तशीच वेळ आली तर पुन्हा घ्याल?

खडूस: घेईन, झालं समाधान? पण आधी डायरी लिहीन. आणि फोटोंच्या मागे नावं.

तर्कट: 'शॉक' शब्दाचं काय ठरलं मग?