दीर्घिकांच्या टकरीचं सिम्युलेशन: शेपट्या का फुटत नाहीत?

रात्रपाळी
हस्त नक्षत्रातल्या अँटेना दीर्घिका (एनजीसी ४०३८ आणि ४०३९) पायथनमध्ये उभ्या करायच्या आहेत. पद्धत टूमरे बंधूंची, १९७२ च्या शोधनिबंधातली. वस्तुमान फक्त दोन केंद्रांना, प्रत्येकी १०० अब्ज सूर्यांइतकं. भोवती वस्तुमान नसलेले कण, पाच कड्यांत १२, १८, २४, ३०, ३६ असे. या कणांच्या तबकडीची त्रिज्या १५ किलोपार्सेक (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं), केंद्रांमधलं किमान अंतर २५. कडी जरा वेडीवाकडी होतात, पण बाहेर फेकल्या गेलेल्या ताऱ्यांची लांब शेपटी येत नाही. शिवाय दोन्ही केंद्रं एकमेकांना वळसा घालून निघून जातात, विलीन होतच नाहीत. कुठे बघू?

ध्रुवमत्स्य
आधी फिरण्याची दिशा तपासा. केंद्रांच्या सापेक्ष कक्षेसाठी x·vy − y·vx काढा (याच्या चिन्हावरून फिरण्याची दिशा कळते) आणि तेच प्रत्येक कणासाठी त्याच्या स्वतःच्या केंद्राच्या संदर्भात काढा. चिन्ह सारखं हवं. दुसरी तबकडी पहिलीवरून तयार करताना बरेच जण फक्त वेगांची चिन्हं उलटी करतात. तेवढ्याने ती तबकडी उलटी फिरायला लागते. स्थान आणि वेग दोन्ही उलटे केले तर दिशा कायम राहते.

चिन्हाने एवढा फरक का पडतो, ते तुमच्याच आकड्यांत दिसतं. परवलयी कक्षेत (एकदाच जवळ येऊन कायमचं दूर जाण्याच्या) २५ किलोपार्सेकवर सापेक्ष वेग सेकंदाला २६२ किमी येतो, म्हणजे कोनीय वेग साधारण १०.५ किमी/से प्रति किलोपार्सेक. तबकडीच्या कडेला वेग १६९, कोनीय वेग ११.३. दोन्ही जवळजवळ सारखे! कडेचा तारा आणि पाहुणी दीर्घिका बराच काळ बरोबरीने फिरतात, भरतीबल (जवळच्या भागाला जास्त आणि लांबच्याला कमी ओढणारं गुरुत्व) एकाच दिशेने ओढत राहतं आणि तारे बाहेर फेकले जातात. उलट्या दिशेत ओढ सतत दिशा बदलते आणि बरीचशी आपसात फिटते. ५ किलोपार्सेकवर कोनीय वेग ५९ च्या घरात आहे, म्हणून आतली कडी शाबूत राहतात. शेपटी बाहेरच्या कड्यांचीच बनते.

गणिती१७
दिशा बरोबर असूनही शेपटी आली नाही तर सुरुवातीची मांडणी बघा. केंद्रं थेट ३०-४० किलोपार्सेकवर ठेवली तर तबकड्यांना पहिल्याच क्षणी हिसका बसतो. १०० वर ठेवा. तिथे सापेक्ष वेग १३१ किमी/से: जवळ येण्याच्या दिशेने ११४, आडवा ६६. वस्तुमानं समान असल्याने प्रत्येकाला निम्मा, विरुद्ध दिशांना. केंद्राचा हा वेग त्याच्या सगळ्या कणांनाही मिळवायला विसरू नका, नाहीतर तबकडी मागे पडते.

लीपफ्रॉग (स्थान आणि वेग आळीपाळीने पुढे सरकवणारी पद्धत) वापरा. किलोपार्सेक आणि किमी/से ही एककं घेतली तर काळाचं एकक ९७.८ कोटी वर्षांचं होतं, आणि ०.०००५ ची पायरी म्हणजे सुमारे ५ लाख वर्षं. ५ किलोपार्सेकवरची एक फेरी साडेदहा कोटी वर्षांची असते, तेव्हा ही पायरी पुरेशी बारीक आहे.

सॉफ्टनिंग (अगदी जवळ आल्यावर गुरुत्व बेसुमार वाढू नये म्हणून सूत्रात मिळवलेलं अंतर) ०.५ किलोपार्सेक ठेवा. ३ ठेवलंत आणि वर्तुळाकार वेग मात्र सॉफ्टनिंग नसलेल्या साध्या सूत्राने काढलात, तर ५ किलोपार्सेकच्या कड्याला हवा त्याच्या सव्वापट वेग मिळतो आणि पाहुणी यायच्या आधीच कडं पसरतं. चाचणी सोपी: एकच दीर्घिका १०० कोटी वर्षं एकटी चालवा. कड्यांची त्रिज्या हलता कामा नये.

रात्रपाळी
धन्यवाद. १०० वरून सुरू केल्यावर किती वेळ चालवायचं? आणि विलीनीकरणाचं काय?

गणिती१७
सर्वांत जवळ येईपर्यंत ६५ कोटी वर्षं, आणि पुढे आणखी ४० कोटी तरी.

ध्रुवमत्स्य
विलीनीकरण या कोडमधून कधीच मिळणार नाही. कणांना वस्तुमान नाही, म्हणजे कक्षेतली ऊर्जा शोषून घ्यायला कोणीच नाही. खऱ्या दीर्घिकेत हे काम मुख्यतः कृष्णपदार्थाचं प्रभामंडल (दीर्घिकेभोवतीचं न दिसणाऱ्या पदार्थाचं मोठं आवरण) करतं. त्यातून जाणाऱ्या दीर्घिकेच्या मागे कणांची दाटी होते, ती तिला मागे खेचते आणि कक्षा आकसत जाते. त्यासाठी वस्तुमान असलेले कण हवेत, तेही प्रभामंडलासकट. जोशुआ बार्न्स यांनी १९८८ मध्ये अँटेनाचं असं प्रारूप केलं होतं. २०,००० कण घेतले तरी प्रत्येक पायरीला सुमारे २० कोटी जोड्या होतात. निव्वळ पायथनच्या लूपमध्ये ते झेपणार नाही. बार्न्स-हट ट्री (दूरच्या कणांचा गट एकच कण मानून गणित कमी करणारी पद्धत) लिहा, किंवा गॅजेट हा अशा सिम्युलेशनचा मुक्त कोड घ्या.

आणखी एक. तुमच्या दोन्ही तबकड्या कक्षेच्याच प्रतलात असतील तर अँटेनाच्या एकमेकींना छेदणाऱ्या त्या दोन मिशा, म्हणजे दोन लांब शेपट्या, दिसणार नाहीत. टूमरेंनी अँटेनासाठी दोन्ही तबकड्या ६० अंशांत कलवल्या होत्या आणि कक्षा परवलयी न घेता ०.५ उत्केंद्रतेची, म्हणजे लंबवर्तुळाकार, घेतली होती. शेपट्या प्रतलाबाहेर जातात, आणि कक्षेच्या प्रतलाकडे कडेने पाहिलं की त्यांची फुली दिसते. प्लॉट करताना z अक्ष टाळू नका.