मशीन शॉपच्या प्लॅनिंगसाठी जेनेटिक अल्गोरिदम: संकरानंतर ऑपरेशनचा क्रम बिघडतो

प्रश्न:
आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये ३ सीएनसी लेथ, २ व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग यंत्रे) आणि १ सिलिंड्रिकल ग्राइंडर असून एका वेळी साधारण ४० जॉब हातात असतात. आजवर एक्सेलमध्ये, डिलिव्हरीच्या तारखेप्रमाणे क्रम लावत आलो. आता पायथनमध्ये जेनेटिक अल्गोरिदम (अनेक क्रम बनवून, त्यांची सरमिसळ व निवड करत पिढ्यान्‌पिढ्या चांगला क्रम शोधणारी पद्धत) लिहिला आहे. प्रत्येक ऑपरेशनला स्वतंत्र क्रमांक देऊन सगळ्यांची एक रांग केली, परंतु दोन रांगांचा संकर केला (दोन्हींचे भाग घेऊन नवी रांग बनवली) की काही ऑपरेशन दोनदा येतात, काही गळतात आणि ग्राइंडिंग टर्निंगच्या (लेथवरील कामाच्या) आधी लागते. चुकीच्या रांगांना दंड लावूनही (त्यांचे गुण कमी करूनही) निम्म्याहून अधिक रांगा बादच निघतात. कुठे चुकते आहे?

उत्तर १:
चूक दंडात नाही, मांडणीत आहे. रांगेत ऑपरेशनचा क्रमांक न लिहिता फक्त जॉबचा क्रमांक लिहा आणि त्या जॉबची जितकी ऑपरेशन असतील तितक्या वेळा तो येऊ द्या. संशोधक बिअरविर्थ यांनी १९९५ मध्ये हीच पद्धत मांडली होती. १ २ १ ३ २ ३ या रांगेतील दुसरा १ म्हणजे पहिल्या जॉबचे दुसरे ऑपरेशन, त्यामुळे ग्राइंडिंग आधी लागण्याचा प्रश्नच उरत नाही. संकरासाठी काही जॉब निवडा, समजा १. त्याच्या जागा पहिल्या रांगेतून जशाच्या तशा घ्या आणि उरलेल्या जागा दुसऱ्या रांगेच्या क्रमाने भरा. दुसरी रांग ३ २ १ १ ३ २ असेल, तर अपत्य (नवी रांग) १ ३ १ २ ३ २ होईल. काही गळत नाही, काही दोनदा येत नाही. तिन्ही लेथ सारखेच असतील, तर रांग वाचताना जो लेथ आधी मोकळा होईल त्यावर जॉब टाका.

उत्तर २:
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे; मात्र मोजमाप कशाचे करता, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. अभ्यासात बहुधा शेवटचा जॉब संपण्याची वेळ कमी करतात. फिशर आणि थॉम्पसन यांचे १० जॉब व १० यंत्रांचे उदाहरण १९६३ चे, पण ९३० एकके वेळ हेच त्याचे सर्वोत्तम उत्तर असल्याचे कार्लिए आणि पिन्सन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केले, इतके ते अवघड होते. तुमच्या ग्राहकाला मात्र तारीख हवी असते, म्हणून उशिराचे तास जॉबच्या महत्त्वानुसार गुणून त्यांची बेरीज घ्या. सेटिंगचा वेळ आधीच्या जॉबवर अवलंबून ठेवा, कारण त्याच व्यासाचा जॉब पाठोपाठ आला तर सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ जबडे) पुन्हा बोअर करावे लागत नाहीत. शिवाय, पहिल्या पिढीत तुमचा एक्सेलचा क्रम एक रांग म्हणून घाला आणि प्रत्येक पिढीतील सर्वोत्तम रांग जपून ठेवा. म्हणजे निघणारे उत्तर त्याच मोजमापाने आजच्या पद्धतीपेक्षा वाईट असणार नाही.

प्रश्नकर्ता:
मांडणी बदलताच बाद रांगा थांबल्या, मनःपूर्वक आभार. एक अडचण उरली आहे: हीट ट्रीटमेंटसाठी माल बाहेर जातो आणि टेम्पो रोज सायंकाळी ५ वाजता एकदाच निघतो.

उत्तर २:
त्याला एक वेगळे यंत्र माना, ज्यावर कितीही जॉब एकत्र चालतात पण सुरुवात फक्त ५ वाजताच होते. जॉब ५:१० ला तयार झाला तर रांग वाचताना तो दुसऱ्या दिवशीच्या फेरीवर ढकला. टेम्पो गाठून देणाऱ्या रांगांचा उशीर कमी भरेल, त्यामुळे निवडीत त्या आपोआप पुढे येतील.